सागरमाळ, दुसरा मजला

सागरमाळावर सागर नाही.
माळही उरला नाही म्हणा आता;
फ्लॅट आहेत, झेरॉक्स आहे, अंडाबुर्जीची गाडी आहे,
आणि दुसऱ्या मजल्यावर, बाथरूमच्या ओल्या भिंतीला लागून
माझं टेबल.
त्यावर अरबी समुद्र.

म्हणजे आकडे. दर अर्ध्या तासाला एक ओळ:
उंची, दोन लाटांमधले सेकंद, आली कुठल्या दिशेनं.
देवगडच्या बाहेर नांगरलेला एक पिवळा बोया हिंदकळतो
आणि त्याचं हिंदकळणं
उपग्रहावरून, घाट न चढता,
माझ्या चहाच्या कपाशेजारी येऊन पडतं.
कोरडं.

ते मी मॉडेलला भरवते.
सहा वर्षांच्या लाटा. मग म्हणते, आता उद्याची सांग.
ते सांगतं. चुकतं.
किती चुकलं ते मी त्याला दाखवते,
ते पुन्हा सांगतं, जरा कमी चुकतं.
रात्रभर हेच. पंखा, आणि चुकणं.

बाबा उद्यमनगरात ओतकाम करायचे.
भट्टीत डोकावून म्हणायचे, "अजून तांबडं हाय. थांब."
मालकानं तापमापक आणला
तेव्हा सहा महिने तो आणि बाबा शेजारी शेजारी उभे होते,
एकमेकांकडे न बघता.
कसं कळतं, विचारलं तर म्हणाले,
"हात भाजला की कळतंय."
मॉडेलला मी हात दिला नाही.
दिली ती चूक, चार दशांश स्थळांपर्यंत.

इनासमामा म्हणजे हॉस्टेलातल्या जासिंताचे मामा.
रोज संध्याकाळी सातला फोन.
मी कोल्हापूरची, "सांगतो" म्हणते, "बघतो" म्हणते,
पहिले चार दिवस त्यांना वाटलं, कोणी पोरगा बसवलाय कामाला.
"किती गो फाल्या?"
"एक पॉइंट चार मीटर."
"ता मीटर नको. कमरेक की छातयेक?"
मग मीही शिकले. गुडघा, कंबर, छाती.
आणि ज्या दिवशी माप अंगात मावत नाही त्या दिवशी:
घरीच राहा.

नोव्हेंबर. आभाळ धुतलेल्या ताटासारखं.
आकडा साधा होता, कमरेच्या जरा वर.
पण खूप खाली, दक्षिणेला, नकाशाचा कागद संपतो तिथं
चार-पाच दिवसांपूर्वी एक वादळ होऊन गेलं होतं.
ते कधीच विरलं,
त्याच्या लाटा मात्र चालत होत्या,
कुणीतरी मेल्यावर त्याचं पत्र पोचावं तशा.

होडी परत आली. उलांडी मोडलेली,
जाळं गेलेलं, धाकट्या भाच्याच्या कपाळाला तीन टाके.
सातला फोन वाजला नाही.
साडेआठला वाजला.
"तुझो आकडो बरोबर होतो गो," ते म्हणाले.
"लाटच चुकली."

रागावले असते तर बरं झालं असतं.

कारण आकडा खरंच बरोबर होता.
मी पडताळला. चूक: शून्य पॉइंट शून्य सहा.
फक्त मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं
की हा आकडा कुठल्याच लाटेचा नसतो.
शंभर लाटांतल्या मोठ्या तेहतीस बाजूला काढायच्या
आणि त्यांची सरासरी.
चौतिसावीला तिथं जागा नाही.
आणि सगळ्यांत मोठी जी असते, दुप्पटही असते कधी,
ती बाकीच्या बत्तीस जणींत
पाण्यात मीठ विरावं तशी विरते.

बाबा मागे उभे होते. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले,
"ही तांबडी रेघ कसली?"
"किती चुकलो त्याची."
"मग खाली आली की."
"आली."
पुढं काही बोलले नाहीत. दूध तापवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सातला मी म्हणाले,
"कंबरभर. आणि एखादी डोक्यावरून."
"एखादी कदी?"
"ते कळत नाही, मामा."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग, "बरा. ह्या आदीच सांगूक व्हया होता."

आज फाइलमध्ये एक रकाना वाढवला.
वर नाव काय द्यावं ते सुचेना.
शेवटी लिहिलं: एखादी.
खाली अजून काही नाही.