छीजत

हुपरीत आमच्या वहीला चार रकाने होते:
आवक, जावक, शिल्लक,
आणि चौथा अरुंद, दोन बोटं मावतील एवढा.
त्याच्यावर आबांच्या वाकड्या अक्षरात: छीजत.

शेटकडून किलोभर चांदी यायची,
पैंजण होऊन परत जायची ती नऊशे ब्याऐंशी ग्रॅम.
मधल्या अठरा ग्रॅमना कुणी चोर म्हणायचं नाही.
थोडी मुशीत जाते, थोडी तार ओढताना,
थोडी कानस खाते, थोडी रिठ्याच्या पाण्यात.
विसापर्यंत चालतंय, शेट म्हणायचे,
एकविसावा ग्रॅम मात्र तुमच्या मजुरीतनं.

म्हणून आई दार लावून झाडायची.
पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा.
केर पोत्यात, हात धुतलेलं पाणी पिंपात.
माझी वेणी घालायची तीही कामाच्या पाटाशी,
फणी डब्याच्या काठावर आपटून म्हणायची,
"पायातली वस्तू डोक्यात घिऊन हिंडतीस बघ."
दिवाळीच्या तोंडावर झारेकरी दस्तगीरचाचा
सगळं उक्तं घेऊन जायचे:
भट्टीची राख, पायपुसणी,
आबांचे फाटके बनियन.

कोल्हापूरला, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला
बिरनाळे सरांनी फळ्यावर लिहिलं, सामान्य तूट.
जी होणारच. जी आधीच धरलेली.
तिला काही मोल नाही,
तिचा खर्च उरलेल्या चांगल्या मालानं सोसायचा.
त्याच्याखाली असामान्य तूट:
आग, चोरी, अपघात.
तिचं खातं वेगळं. मालावर भार टाकायचा नाही,
सरळ नफा-तोट्याला न्यायची.
मी हात वर केला.
सर, एकविसावा ग्रॅम कुठल्या खात्यात?
सर खडू झटकत म्हणाले, तू हुपरीची काय गं?

सातच्या एसटीत पट्टणकोडोली येईपर्यंत
मी उदाहरण सोडवत होते.

डाख लावायची धुरी आबांनी तेहतीस वर्षं ओढली.
सीपीआरमध्ये फोटो उजेडासमोर धरून
डॉक्टरनं विचारलं, धंदा काय?
सांगितल्यावर त्यानं मान हलवली,
आधीच धरलेलं असल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडताना
दस्तगीरचाचा कुंपणाशी उभे होते,
टोपी डोक्यावर, हात मागं.
त्या एकाच राखेकडं त्यांनी
अंदाजानं बघितलं नाही.

महिन्यानं शेटच्या वहीत
पायगोंडा आण्णा चौगुले, या नावावर
एकशे चौदा ग्रॅम येणे निघाले.
शेट माणूस वाईट नव्हे. म्हणाले,
जाऊ दे वहिनी, बुडीत धरतो.
आई चहाचा कप खाली ठेवत म्हणाली,
"बुडीत न्हाई. ते काय घिऊन पळालं न्हाईत.
कामात गेलंय, कामातच लिवा."
आणि वही माझ्याकडं सरकवली.

चौथा रकाना. दोन बोटांचा.
एकशे चौदा मावेना.
एकावर एक तीन आकडे उभे लिहिले,
पुढं पाच ओळी कोऱ्या सोडाव्या लागल्या.

आता मी अकरा कारखान्यांचे हिशोब बघते, कॉम्प्युटरवर.
तिथं रकाना पाहिजे तेवढा रुंद होतो.
पोरं विचारतात, ताई, हे वेस्टेज म्हणून टाकू?
मी म्हणते, छीजत लिही.
टाकाऊ काही नव्हतं त्यात.

भट्टी थंड होऊन दोन वर्षं झाली.
त्या खोलीत आता गव्हाचे डबे, इस्त्रीचं टेबल.
आई अजून झाडायच्या आधी पंखा बंद करते.
मी म्हणते, आई, आता कशाला?
"ऱ्हाऊ दे की. मी दोन मिनटात झाडतो,"
आणि दार ओढून घेते.