डी-पाच

भुसावळ, रेल्वे इन्स्टिट्यूट, मे सत्त्याऐंशी.
पांढरी: तोताराम भारंबे, पार्सल ऑफिस.
काळी: समशेर तडवी, कंपाउंडर, यावल.
दोन कागद, दोघांच्या हातचे,
क्लबच्या पत्र्याच्या पेटीत एकाच टाचणीला गंजलेले.

आठ दिवस झाले, जेवणं आटोपली की मी हा डाव लावतो.
सुरुवात पुस्तकातलीच, इटालियन.
घोडे बाहेर, उंट तिरपा एफ-सातवर डोळा ठेवून,
चौथ्या खेळीला पांढरा घोडा पुढे घुसतो.
पाचवीला काळ्याने आपला घोडा काठावर न्यायचा असतो.
तडवी नेत नाहीत. दुसऱ्या घोड्याने प्यादं मारतात.
शेजारी पेन्सिलीचं एक टिंब, कागदाच्या पाठीवर उमटलेलं.
तेवढा वेळ टोक तिथेच टेकलेलं असणार.

मग भारंब्यांचा घोडा एफ-सातवर मरायलाच जातो
आणि काळा राजा घराबाहेर,
एफ-सात, ई-सहा,
मे महिन्यात भर दुपारी
चप्पल विसरून गच्चीवर गेलेल्या माणसासारखा,
डी-पाचवरच्या आपल्या घोड्याला स्वतःच राखत.

सोळावी खेळी.
भारंब्यांचा कागद: उंट मारतो डी-पाच.
तडव्यांचा कागद: घोडा मारतो डी-पाच.
अक्षर दोघांचंही स्वच्छ. खाडाखोड नाही.
पुढे प्यादं मारतं, हत्ती मारतो, वजीर शह देतो,
विसाव्या खेळीला तडवी डाव सोडतात,
दोन्ही कागद पुन्हा एक.
मागे जो उरला, सी-तीनवर घोडा किंवा सी-चारवर उंट,
तो त्यानंतर हललाच नाही.

रविवारी भारंब्यांकडे गेलो.
पट मांडू दिला नाही. वेफर्सची ताटली सरकवत म्हणाले,
"उंटच रे भो. घोडा माले लागत व्हता."
तडवी यावलला, डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदू काढून चारच दिवस झालेले.
"त्याले काय आठोते? मरेल घोडा माहा व्हता.
कोनं मारला ते माले इचार."

एस.टी.त दोन्ही कागद खिशात घडी करून ठेवले.
रात्री सी-तीन, सी-चार, दोन्ही घरं रिकामी ठेवून पाहिली.
वजिराचा शह तरीही बसतो.

मग सोंगट्या मागे, मागे, पाचव्या खेळीपर्यंत.
ते टिंब.
मी काळ्याकडून बसलोय, बोट घोड्यावर,
काठावरचं घर मोकळं आहे,
घड्याळ नाही, समोर कुणी नाही,
आणि अजून नेत नाही.