डावा कोपरा

पहिल्यांदा मी नितेश ढोके झालो
तेव्हा सतरा वर्षांचा होतो.
दारव्ह्याच्या अलीकडचं गाव, एकच हॅलोजन, तोही फडफडणारा.
मंडळाचा अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाला,
"पंचानं नाव इचारलं तं अडखळू नको बाप्पा.
नितेशले कावीळ झाली."
शंभराची एक नोट, दोन उकडलेली अंडी
आणि खऱ्या नितेशची बनियन, काखेत उसवलेली.

नंतर किती जण झालो.
मानोऱ्याला अमोल, दिग्रसला शेख जाकीर,
आर्णीला तर एकाच दिवसात दोघं,
सकाळी एका गावचा, रात्री त्याच गावाविरुद्ध.

मला माझ्या नावाचं तसं काही नव्हतं.
आधीची तिघं जगली नाहीत म्हणून
मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
मावशीनं पाच पैशाला विकत घेतलं :
उकंडा.
माइकवाला हसलाच असता.

चढाईवाल्याचं नाव गर्दी घेते.
मी डावा कोपरा.
वाकून उभं राहायचं, तोंडाकडे बघायचं नाही,
तोंड फसवतं.
घोटा बघायचा.
कोणाच्या टाचेला भेग आहे, ती रेतीत आधी दुखते.
कोण वळण्याआधी अंगठा दाबतो.
पुसदच्या एका पोराला मी तीन हिवाळे धरला,
परवा बसस्टँडवर तो समोरून आला तर ओळखेना.
मग चप्पल काढून पाय खाजवायला लागला.

पंचावन्न किलोचा गट होता.
सकाळपासून पाणी बंद, नुसतं थुंकत बसायचं,
संध्याकाळी अडत्याच्या काट्यावर चड्डीवर उभं राहायचं.
एकदा साडेछप्पन भरलो.
केस कापले, नखं कापली, काटा ढिम्म.
अडत्या म्हणाला, "थांब."
तुरीतलं मारतो तसं
माझ्यातलं दीड किलो त्यानं बोटानं मारलं.

एकदाच नागपूर.
मातीच्या जागी मॅट, पायात बूट,
बूट कोणाचे तरी, एक नंबर लहान.
अकरा दिवस राखीवच्या बाकावर बसलो
पाठीवर माझं स्वतःचं नाव घेऊन,
तेही छापणाऱ्यानं 'उकांडा' केलेलं.
कोणी जखमी झालं नाही.
मी रोज देवाला सांगत होतो, होऊ दे कोणीतरी,
आणि रोज रात्री बूट काढताना लाज वाटत होती.
केळी मात्र भरपूर मिळाली.

आणि नेर.
नेरजवळच्या त्या गावात यादीतला देवीदास
आठवड्यापूर्वीच विहिरीत पडून गेला होता.
नाव तर दिलेलं.
"तू घे," म्हणाले.
त्याची आई रेषेबाहेर पोत्यावर बसली होती.
प्रत्येक पकडीला ती ओरडायची,
"सोडू नको देवीदास, सोडू नको!"
त्या रात्री मी नऊ जण धरले.
एवढे कधीच नाही, ना आधी ना नंतर.
पाकिटात कबूल केले त्यापेक्षा पन्नास जास्त होते,
मी मोजले आणि ठेवून घेतले.

गुडघा गेला तो एका बारक्या खड्यानं.
मग अर्जाला आधार कार्ड जोडायचं आलं
आणि आमच्यासारखे सगळे
एकाच हिवाळ्यात घरी बसले.

आता जिनिंगमध्ये वजनाची पावती फाडतो,
वर सही करतो, पूर्ण नावाची. सवय झाली नाही अजून.

सोमवारच्या बाजारात ती वांगी घेऊन बसते.
पायांची रांग समोरून जात असते,
ती मान वर करत नाही.
मी लंगडत येतो तेव्हा तराजू खाली ठेवते.
"गुडघा कसा हाय रे, देवीदास?"

"बरा हाय, आई," म्हणतो,
आणि ती वजन न करता
पिशवीत टाकते वांगी, मूठ मूठ,
मी "पुरे" म्हणेपर्यंत.