सेकंदाला नऊ फ्रेम

दुसरी पाळी सुटते साडेअकराला.
शिरोलीतून पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, टेंबलाईवाडी;
स्कूटर जिन्याखाली, बुटांतली वाळू गॅलरीत,
आणि पावणेएक ते दीड
एवढा वेळ कुणाला द्यायचा नसतो.

तेवढ्यात काळा पडदा उघडते.
पहिला त्रिकोण उमटायला अकरा रात्री लागल्या.
उमटला तेव्हा उठून पाणी प्यायले,
परत येऊन बघितलं.
होता.

मग गोळा. मग गोळ्यावर उजेड.
धडा सांगतो: पृष्ठभागाच्या प्रत्येक ठिपक्यावर
एक काडी उभी आहे असं धरा,
ती दिव्याकडं जेवढी कललीय
तेवढाच उजेड त्या ठिपक्याच्या वाट्याला.
चारदा वाचलं, वहीत गणित मांडलं,
पेंगताना पेनाची रेघ पानाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन टेबलावर
पंपाची बॉडी ट्यूबलाइटखाली फिरवताना
मनगट थबकलं:
ब्लोहोल शोधायला सहा वर्षं
मी हेच तर करतेय.
काडी माझ्या हातात होतीच,
नाव तेवढं नव्हतं.

मार्चमध्ये वही उघडलीच नाही.
डिस्पॅच, ऑडिट, पुण्याहून परत आलेला लॉट,
घाटगेसाहेबांचा फोन रविवारी, कांदा चिरताना.
एप्रिलात माझाच कोड मला ओळख देईना.
‘तात्पुरतं दोन’ असं नाव कशाला दिलं होतं मी,
आणि कुठवर तात्पुरतं?

मला ओतकाम आणायचं होतं पडद्यावर.
लेडल कलंडते, रस पडतो, साचा भरतो.
केशरी रंग दिला. टोमॅटोचं सार दिसलं.
भट्टीवरच्या दस्तगीरमामांना विचारलं.
निळी काच कपाळावर सरकवून म्हणाले,
“केशरी कुणी सांगितलं तुला?
केशरी झालं म्हंजे उशीर झाला.
आधी पांढरं. मग दुधात हळद टाकल्यागत.
आन् कडंनं साय धरती बघ,
ती फाटत फाटत सरकती.”

साय लिहिण्यात मे महिना गेला.

परवा कॅन्टीनच्या पत्र्याखाली लॅपटॉप उघडला.
पंखा ग्राइंडरसारखा ओरडत होता.
मामांनी हात पुसले, लांबूनच वाकले,
रंग बघून मान हलवली.
मग म्हणाले, “अडखळतंय की गं.
ह्यो रस हाय. ह्यो थांबत न्हाई कुणासाठी.”

सेकंदाला नऊ फ्रेम.
हव्यात साठ.
म्हणजे एका चित्राला सोळा मिलिसेकंद,
आणि जे तेवढ्यात बसत नाही
ते कितीही देखणं असो, उशिराचं.
मामांना हे कुणी शिकवलेलं नाही.
लेडल भरली की साचा किती पावलांवर आहे
हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं.

आज सायीचा एक पदर काढून टाकला.
मग दुसरा. जीव लावून केलेले होते दोन्ही.
सावलीची धार बोथट केली,
बघणाऱ्याला कळणार नाही इतपत.
चौदा. एकोणीस.
बावीस.

दोन वाजायला आलेत. साडेपाचला नळाला पाणी.
एक ठिणगी वर जाते
आणि खाली यायचं विसरून
पडद्याच्या वरच्या कडेला चिकटून राहते.
बघितली मी ती.
तशीच ठेवून झाकण लावलं.