मधला पंचम

आमच्या विट्यात पोर आईला हाक मारायच्या आधी
मागाचा ताल ओळखतं.
खटक-खट, खटक-खट, भिंतीपलीकडे बारा माग,
सहा ह्यांचे, सहा तारळेकरांचे.
दोघांची लय कधी जुळत नाही.
शंभू, वय वर्षं पाच, भाकरी मोडता मोडता सांगतो,
"तारळेकरकाका पुढं पळाय लागलेत."

मुलांना शाळेतून काढलं तेव्हा जाऊबाईंनी विचारलं,
मग दिवसभर करणार काय?
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
पाढे होते, परसात एक शेवगा होता,
आणि मिरजेहून एसटीनं, मांडीवर घेऊन आणलेली
जुनी पेटी. अडीच हजार. भात्याला ठिगळ.
मधला पंचम मुका.
दस्तगीरभाई म्हणाले होते, पट्टी शाबूत आहे ताई,
आतली जीभ गेलीय. महिन्यानं या, बसवून देतो.

तर आमचं असं चालायचं :
सा रे ग म, मग नुसता वारा, मग ध.

पातळ एक पुस्तक होतं, बसस्टँडवर घेतलेलं.
मी रात्री एक पान पुढं जायची,
सकाळी तेच पान त्यांना शिकवायची.
त्रितालाला सोळा शेंगदाणे मांडले,
चार-चारच्या चार ओळी.
तिसऱ्या ओळीतला पहिला शंभू खाऊन टाकतो,
म्हणतो, ही खाली आहे ना, मग इथं कशाला काय पाहिजे?
सोळातून एक गेला, राहिले किती, हे केतकी वहीत लिहिते.
गणित म्हणा, संगीत म्हणा,
शेंगदाणे मात्र आठवड्याला अर्धा किलो लागतात.

कुकरची शिट्टी काळी चारला जुळते, हे त्यांनीच शोधलं.
ह्यांचं घोरणं झपतालात आहे, हेही.
सहाव्या मात्रेला अडकतात, मग आम्ही तिघं
अंधारात श्वास धरून सातवीची वाट बघतो.

एका दुपारी लाइट गेली.
बारा माग एका दमात थांबले
आणि घर एकदम परकं वाटलं, कानात हवा भरल्यासारखं.
केतकी पेटी वाजवत होती.
सा रे ग म, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.
"आई, पंचम तू."

मी?
चौथीत, पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी
बाई रांगेतून चालत आल्या, माझ्यापाशी थांबल्या,
हळूच म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव हं.
मी हलवत आले.
आरतीला हलवले, नणंदेच्या हळदीत हलवले,
ह्या दोघांच्या पाळण्याशी तर मोबाईल लावून ठेवला
आणि झोका तेवढा दिला.
हे कुणाला कधी सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा.

"आई, भाता संपतोय!"

निघाला कसाबसा. गुळण्या करताना निघतो तसा.
शंभू हसला नाही. शेंगदाणे पुन्हा मांडत बसला.
केतकी म्हणाली, "चढ. अजून थोडी चढ."
जशी मी तिला पाण्याच्या टाकीच्या शिडीवर म्हणते.
थोडी चढले.
मग ध लागला, मग नि, मग लाइट आली
आणि मागांनी सगळं पुसून टाकलं.

महिन्यानं पेटी मिरजेला नेली, दुरुस्त करून आणली.
दस्तगीरभाईंनी पैसे कमीच घेतले.
नवा पंचम खणखणीत, अगदी दाखवण्यासारखा.
एक दिवस वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी : सा रे ग म, आणि पट्टी दबेचना.
दोघं माझ्याकडे बघतायत, तोंडं साळसूद.
मी वाकून पाहिलं.
पट्टीखाली, चारदा दुमडून खुपसलेलं
मिरज-विटा, एक पूर्ण, दोन अर्धी.

तिकीट तिथंच राहू दिलं.
घसा खाकरला.