खळ

सहा चमचे मैदा, दोन भांडी पाणी,
चिमूटभर मोरचूद, कागदाला कसर लागू नये म्हणून.
त्याचा टोप वेगळा. कडीला लाल दोरा बांधलाय,
चुकून कुणी त्यात पिठलं टाकायला नको.
हात थांबला की गुठळी.
शुक्रवार पेठेतल्या बाइंडराची मुलगी मी,
खळ मला कुणी शिकवायची नाही.

हे खडकीच्या फॅक्टरीतून सुटले
आणि बालेवाडीला, रेंजवर, गुण मोजायला जाऊ लागले.
बिनपगारी.
गेल्या श्रावणात एकदा घरी आले, चहा नको म्हणाले.
हर्षाली पासलकरचा शेवटचा छर्रा
दहाच्या रेषेला शिवला की नाही, ठरेना.
हवा दमट, कागद सादळलेला,
भोक असं उसवलं होतं
की चौघांनी भिंग लावून चार आकडे सांगितले.
पोरगी भांडली नाही म्हणे,
चष्म्याची काच पुसत बसली, नऊ लिहून होईपर्यंत.

खिशातून यांनी तो कागद काढला.
मी दिव्यापुढे धरला.
म्हटलं, कागदाचा काय दोष? पाठीशी कुणी नाही त्याच्या.

अप्पा बळवंत चौकातून चुकलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला,
'शुभविहाव' छापलेल्या, जाड, वाया गेलेल्या.
कागदाला नाडी असते.
कोपरा फाडून बघायचा: एकीकडे सरळ फाटतो, दुसरीकडे रडत.
टार्गेटची नाडी उभी लावायची, पत्रिकेची आडवी,
खळ पातळ, नाहीतर फुगे येतात,
मग चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे.
वर पाट, पाटावर वरवंटा.
दोन दिवस कुणी हात लावायचा नाही,
यांनीसुद्धा.
हे रोज सकाळी पाट उचलून बघतात, मला कळतं.
सुकले की तांदळाच्या डब्यात.

रविवारी मीही गेले, भाकरी बांधून.
आधी फट्‌ असा फाटका आवाज यायचा म्हणे.
आता टप्‌.
चपट्या नाकाचा छर्रा, आणि भोक
जुन्या पीएमटीतल्या कंडक्टरनं तिकीट टोचावं तसं.
पाठ उलटून पाहिली,
'आपली उपस्थिती प्रार्थनीय'मधला
उपस्थितीचा उ तेवढा उरलेला.

"आठ," हे म्हणाले. भिंग खिशातच.
हर्षालीनं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
"आठच की हो काका," म्हणाली,
आणि हसली, अगदी मोठ्यानं,
शेजारच्या लेनमधला माणूस वैतागून वळेपर्यंत.

अजून बावीस पत्रिका आहेत.
मैदा संपलाय.