सतरा नंबरचं तोंड

माझं टेबल तळघरात.
वर तिसऱ्या मजल्यावर माणसं आ करतात,
माझ्याकडे उतरतात ती फक्त दोऱ्याची टोकं,
झाकणबंद नळीत, नखाएवढी,
आणि नळीवर चिठ्ठी: १७ डावी. १७ उजवी.

एकाच तोंडात दोन दोरे, असं ठरलेलं.
एका बाजूच्या हिरडीत जंतू मारणारा लेप चढवलेला,
दुसरीत साधा; तसाच जांभळा, तसाच पिळाचा.
कुठे कोणता, ते लिफाफ्याला ठाऊक.
टाके घालणाऱ्या उशियाला नाही,
मोजणाऱ्या मला नाही,
जिची हिरडी तिला तर नाहीच नाही.

सतरा नंबर म्हणजे ओब्दुलिया,
कांगासच्या धक्क्यावर जाळी सांधणारी, वय एकसष्ट.
हे मला कळायलाच नको होतं.
पण आठव्या दिवशी लिफ्ट बंद पडली
आणि सांतियागोच्या त्या जुन्या इमारतीत
बाई जिना चुकून खाली आल्या.
गाल उतरत आलेला,
काखेत उशियासाठी शिजवलेल्या ऑक्टोपसचा डबा.

"टाके काढतात ते इथेच का?"
इथे मोजतात, म्हटलं.
"काय?"
आता काय सांगणार!
तुमच्या तोंडातली वस्ती, म्हटलं.
त्या ओठ मिटूनच हसल्या
आणि माझ्या स्टुलावर बसल्या.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
यांच्या जिभेला बोटं होती.
आठ रात्री अंधारात तिने गाठ न् गाठ चाचपलेली.

"डावीकडे पाच. चौथी घाईत मारलीय,
पोरीला कुणीतरी हाक मारली असणार.
उजवीकडे चार, पण फार ओढून.
इतकं ओढलं तर जाळं भरतीला फाटतं, सांग तिला.
दोरा बरा आहे. पाणी पितो थोडं.
आमचा नायलॉन नाही पीत."

मग, उठता उठता,
"औषध डावीकडे आहे."
कशावरून?
"डावी गप्प असते."

म्हणून आठ दिवस त्या डावीकडूनच जेवल्या,
निवलेलं सूप, दुधात बुडवलेला मक्याचा पाव,
एकदा तर, खोटं कशाला बोला, भाजलेली सार्डिन.
उजवी बिचारी उघड्यावर, तिला जपलं.
चूळ भरायचं ते कडू पाणी
सगळं उजवीकडेच खळखळवलं.

मी ऐकून घेतलं.
वहीत लिहिलं नाही.

दोन रात्री ऊबेत ठेवल्यावर तबकड्यांत ठिपके उगवले.
उजवीत एकतीस.
डावीत मोहरी सांडल्यासारखे,
दोनशेच्या पुढे मी पेन खाली ठेवलं,
चहा घेतला, परत पहिल्यापासून मोजले.

लिफाफे मार्चमध्ये फुटले.
लेप डावीकडेच होता.
बाकी सगळ्यांची बेरीज प्राध्यापकांना हवी तशी आली,
एवढं एक तोंड उलटं.
"असतं एखादं," ते म्हणाले, "तळटीप टाक."
उशियाने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे.

तक्त्यात एक रकाना आहे: वगळण्याचं कारण.
दोन दिवस तो कोरा राहिला.
बाईंनी ओळखलं, असं त्यात कसं लिहायचं?
आणि ओळखलं म्हणूनच बिघडलं,
भरवशाच्या बाजूवर सगळा भार टाकला, हे?
आणि मला ठाऊक होतं, हे?

शेवटी तेच लिहिलं. तिन्ही वाक्यं.
प्राध्यापक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

एक नळी मात्र अजून थंड पेटीत आहे.
डावीकडची, चौथी गाठ.
काल सगळे गेल्यावर ती काचेवर घेतली,
दोन सुयांनी, श्वास धरून, भिंगाखाली सोडवत नेली.

अर्धा वेढा कमी होता.